पुढची डावी सीट

८ डिसेंबर

वेदिका आली. आमच्या दुकानात, स्वतःच्या पायांनी.

हे कुणाला तरी सांगायला हवं, पण सांगणार कुणाला? राजूला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुंबई नाक्याला कळेल. राजू आमच्याकडे सीट कव्हरं शिवतो आणि शिवता शिवता तोंडाचंही मशीन चालू ठेवतो. म्हणून इथे लिहितो.

कॉलेज सोडल्यापासून तिला धड बघितलंच नव्हतं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला व्हायव्हात सरांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध?" तिथून पेटलं. मी फाइल आपटली, ती उडून त्यांच्या चष्म्याला लागली. पुन्हा त्या गेटातून आत गेलो नाही. वेदिका तेव्हा दारात तिच्या नंबराची वाट बघत उभी होती. मी बाहेर पडताना म्हणाली, "अमोल, सॉरी म्हण आणि ये." एवढंच. पण वर्गातल्या बाकी कुणी तेवढं तरी म्हटलं का? तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरी मुलगी नाही.

"अरे, अमोल? तू इथे?"

"इथेच. गाडीला काय झालं?"

"पुढचा डावा बेल्ट बाहेर येतो, पण आत जात नाही. लोंबतो नुसता. दार लावताना मध्ये येतो."

गल्ल्यावरून रंगनाथ शेठ ओरडले, "ओ इंजिनियर, ताईंना स्टूल द्या की बसायला!" इंजिनियर म्हटल्यावर ती हसली. शेठची मान मुरगाळावीशी वाटली. पण हसली ना ती.

सातपूरला एका कंपनीत डिझाइनला आहे. गंगापूर रोडवरून रोज एकटी गाडी चालवत जाते. गाडी वडिलांनी मागच्या वर्षी ओळखीतून जुनी घेतलेली. ठेवून जा म्हटलं, उद्या बघतो.

९ डिसेंबर

दाराच्या खांबावरचं प्लास्टिक काढलं आणि हसायलाच आलं. काय कलाकार लोक आहेत या शहरात!

ही गाडी पूर्वी एकदा समोरून चांगलीच ठोकलेली आहे. बेल्टचं जे रीळ असतं, त्याच्या बुडाशी बारुदाची एक नळी असते. धडक बसली की ती नळी फुटते आणि डोळा लवायच्या आत पट्टा मागे खेचून माणसाला सीटला चिकटवते. नळी एकदाच चालते, दिवाळीच्या फटाक्यासारखी. या रिळाची नळी जळून काळी पडलेली. नवीन रीळ घालायचं सोडून कुणीतरी वायर तोडून तिथे एक छोटा रेझिस्टर डकवलाय, म्हणजे डॅशबोर्डावरचा लाल दिवा पेटायला नको. त्या जुन्या रिळावर कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा कोरा पट्टा गुंडाळलाय. समोरची डावी एअरबॅगही गेलेलीच दिसते, वर नुसतं झाकण चिकटवलंय. ड्रायव्हरची बाजू मात्र अस्सल आहे, नळीसकट. तेवढी बघून घेतली आधी.

डावा पट्टा झटका देऊन ओढला. कधी धरतो, कधी नाही. आतल्या खिट्टीचा दात झिजलाय.

म्हणजे अख्खं रीळ बदलायला हवं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिळतं. तिला तसं सांगितलं की ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाणार. तिथे एसी हॉल आहे, कॉफीचं मशीन आहे, टाय घातलेली पोरं आहेत. आणि विषय संपला.

शेठचा एक नियम आहे. पहिल्याच दिवशी शिकवलेला. "गिऱ्हाईकाचं काम करायचं, पण पोट भरून करायचं नाय. थोडी भूक ठेवायची. भूक लागली की ते परत येतं." दार कुरकुरतंय, तर तेल द्यायचं, बिजागरी बदलायची नाही. या रस्त्यावरची सगळी दुकानं त्याच हिशोबावर चालतात.

पट्टा आत जात नव्हता तो फक्त घाणीमुळे. वरच्या कडीत मळाचा थर बसला होता. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावला आणि सावलीत वाळवला. ब्लीच नाही, ॲसिड नाही, ऊन नाही. त्यांनी धागा कुजतो आणि वरून कळतही नाही. ओला पट्टा आत सोडायचा नाही, रिळात बुरशी धरते. या बाबतीत माझ्याइतकं नीट काम नाशकात कुणी करत नसेल. वाळल्यावर स्प्रिंग थोडी ताणून दिली. सुर्रकन आत जातो आता.

ती संध्याकाळी आली. मी तिला तिच्या बाजूचा बेल्ट दाखवला.

"हळू ओढ. बघ, हवा तेवढा येतो. आता झटका दे."

खट्ट. अडकला.

"आत दोन राखणदार असतात. एक गाडीकडे बघतो, गाडी दणकन थांबली की खिट्टी टाकतो. दुसरा पट्ट्याकडे बघतो, माणूस झटक्याने पुढे गेला की तो टाकतो. आणि पट्टा खालून कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. वरून खांद्यावर, गळ्याला घासून नाही. पीळ पडलेला चालत नाही, पीळ पडला की सगळा भार एका रेघेवर येतो."

"आमच्या सरांपेक्षा छान समजावतोस," ती म्हणाली. मग हसून, "व्हायव्हाच्या दिवशी तुलाच लावायला पाहिजे होता एक."

म्हणजे तिला तो दिवस आठवतो. तिच्याही मनात राहिलाय!

"डाव्या बाजूचं काय होतं?"

"धूळ. साफ केलंय. पण पंधरा-वीस दिवसांनी एकदा दाखवून जा."

ती एकटीच जाते. डावीकडे तिची पर्स बसते.

२७ डिसेंबर

आली. मी स्प्रिंग मुद्दामच पुरती ताणली नव्हती, त्यामुळे पट्टा पुन्हा थोडा लोंबायला लागला होता. साफ केला. चहा पाजला. अर्धाच प्यायली, मीटिंग होती.

गेल्यावर राजू म्हणतो, "काय रे, एक बेल्ट किती दिवस चालायचा? तेवढ्यात मी एका बसची कव्हरं शिवली असती."

"तू आपलं मशीन चालव."

"मी चालवतोच रे. तुझंच फिरतंय नुसतं."

स्क्रू ड्रायव्हर फेकून मारला. चुकवला साल्याने.

दुपारी एक बुलेटवाला येऊन खोटी बक्कलं घेऊन गेला, त्याच्या नव्या कारसाठी. बेल्ट न लावता ती खाचेत नुसती अडकवली की गाडीतली पिपाणी बंद होते. शेठकडे देवाच्या चित्राची आहेत, तीच जास्त खपतात. "देव हाय ना बसलेला तिथं," शेठ म्हणतात, "तो धरंल." लोकांना मरायची हौस असते, आपण फक्त काउंटरला उभं राहायचं.

४ जानेवारी

मी रोज सकाळी तिला सुप्रभात पाठवतो. तीन पाठवले की एकाला अंगठा येतो.

आज तिची कंपनी सुटायच्या वेळी सातपूरला गेलो. गेटच्या समोरच उभा राहिलो. ती बाहेर आली, बघितलं, मैत्रिणीला काहीतरी सांगितलं आणि एकटी माझ्याकडे आली.

"अमोल, असं कंपनीबाहेर नको येऊस. प्लीज."

"का? लोक काय म्हणतील म्हणून?"

"नाही. मला आवडत नाही म्हणून."

मैत्रिणींसमोर लाजली असणार. घरचं वळण आहे, त्यात गैर काही नाही. मुलगी अशीच असावी.

येताना विचार आला, रीळ बदलून टाकावं. आमच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची चांगली गाडी तुटायला आलीये, मागून ठोकलेली, पुढचे बेल्ट शाबूत. गुपचूप काढून घालू शकतो, तिला कळणारही नाही. पण मग पंधरा दिवसांनी ती कशाला येईल?

होळीनंतर बघू.

११ जानेवारी

डोकं फुटायची वेळ आलीये.

गाडी दुकानासमोर थांबली. वेदिका उतरली आणि डावीकडून एक माणूस उतरला. उंच. इस्त्रीचा शर्ट. महेश. चांदवडचा. घरची कांद्याची मोठी चाळ आहे आणि हा स्वतः द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत अधिकारी. स्थळ आहे. दोन्ही घरच्यांना पसंत. "एकमेकांना समजून घेतोय," असं तीच म्हणाली, टायरकडे बघत.

त्यानं हात पुढे केला. "अमोल ना तुम्ही? वेदिका म्हणाली, कॉलेजला एकत्र होतात. कुठल्या वर्षापर्यंत?"

"तिसऱ्या."

"अरे वा! म्हणजे पाऊण इंजिनियर!"

शेठ एवढे हसले की पान सांडलं. राजूनं मशीन थांबवून हसून घेतलं. महेश स्वतःही खो खो. त्याच्या हसण्यात खोच नव्हती असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. मी वेदिकाकडे बघितलं. तीही हसत होती. तोंडावर हात धरून, पण हसत होती.

मग तो म्हणतो, "हा माझ्या बाजूचा बेल्ट जरा बघा ना. ओढला की कधी कधी सैल वाटतो. मी बेल्टशिवाय बसतच नाही हो. आमचे चुलते तसेच गेले, गावातल्या गावात, दूध आणायला निघालेले."

वेदिका म्हणाली, "अमोलनंच केलाय तो. काळजी नको."

माझ्या हातात तेव्हा पट्टा होता. हळू ओढला की येतो. मी हळूच ओढून दाखवला.

"एकदम ओके," मी म्हटलं.

तो जाताना म्हणाला, "थँक यू, भाऊ." भाऊ म्हणे!

१२ जानेवारी

पाऊण.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तिळाचे लाडू दिले, शेजारी वाटून ये म्हणाली. आम्ही पंचवटीत राहतो, इथे गोड बोला म्हणणारे फार. मी लाडू घेतले आणि सरळ गंगापूर रोडला गेलो. तिच्या बिल्डिंगच्या खाली उभा राहिलो. वर गेलो नाही. गाडी खाली लावलेली होती. काचेतून बघितलं तर डाव्या सीटवर त्याचा मफलर पडलेला. डाव्या सीटवर!

मोबाइलवर लिहिलं, 'डावा बेल्ट नीट नाही, त्या सीटवर कुणाला बसवू नकोस.' तीनदा वाचलं. मग वाटलं, ती विचारेल की तू तर ओके म्हणालास. आणि त्याला सांगेल. तो हसेल. पाऊण इंजिनियरनं पाऊणच काम केलं म्हणेल.

पुसून टाकलं.

मी काही केलेलं नाहीये. हे नीट लिहून ठेवतो. ती नळी मी जाळली नाही, तो रेझिस्टर मी लावला नाही, खिट्टीचा दात मी झिजवला नाही. मी फक्त नीट केलं नाही. न करणं म्हणजे करणं नव्हे.

१७ जानेवारी

तिचा मेसेज. स्वतःहून!

'अमोल, उद्या चांदवडला रेणुकेच्या दर्शनाला जातोय. एवढ्या लांब गाडी नेऊ ना? सगळं ठीक आहे ना?'

जातोय. म्हणजे दोघं.

बराच वेळ फोन हातात धरून बसलो. समोर राजू काळ्या रेक्झिनला लाल दोरा घालत होता.

अंगठा पाठवला.

१९ जानेवारी

सकाळी शेठनं क्रेनवाल्याचा फोन घेतला आणि ऐकता ऐकता माझ्याकडे बघायला लागले. "वेदिकाताईंची गाडी रे. पिंपळगावच्या पुढं. परत येताना. कांद्याची ट्रॉली बिनदिव्याची हुबी होती रस्त्यात, तिच्यावर गेली."

मी हातातला पाना गल्ल्यावर ठेवला.

"ताई चांगल्या हायेत. त्यांना बेल्टनं धरलं, फुगा बी उघडला. खांदा काळानिळा झालाय फक्त. तो पावणा मात्र..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. ती चांगली आहे. तिच्या बाजूचा मी बघून घेतला होता. मी मागच्या पत्र्याआड गेलो आणि रडलो. खरं रडलो. देवाचे आभार मानले.

दुपारी कळलं. महेश जिवंत आहे. पाठीचा मणका. कमरेखाली पाय हलत नाहीत.

२२ जानेवारी

गाडी आमच्याच मागच्या आवारात आणून टाकलीये. इन्शुरन्सचा सर्वेअर आला होता. पोट सुटलेला, घामाघूम, पुढे अजून दोन गाड्या बघायच्या होत्या त्याला. डाव्या फुग्याच्या झाकणाकडे बघितलंही नाही, डावा पट्टा बाहेर ओढून बोटांनी चाचपला.

"हे बघा. माणूस बेल्टवर आदळला की कापडाला चकाकी येते, कडीत घासून भाजल्यासारखं होतं. ड्रायव्हरच्या पट्ट्याला आहे. ह्याला काहीच नाही, कोरा करकरीत. म्हणजे ह्यानं लावलाच नव्हता."

मला माहीत होतं कोरा का आहे. रीळ मोकळं फिरलं, पट्ट्यावर ताण आलाच नाही. नदीत गळ सोडावा तसा सुटत गेला.

"आत उघडून बघायचं का?" त्यानं विचारलं, पण पेन खिशाला लावत विचारलं.

"आत मी महिन्याभरापूर्वीच बघितलंय," मी म्हटलं. "धूळ होती. साफ केली. बाकी सगळं ठीक."

शेठ मध्येच म्हणाले, "साहेब, हा आमचा इंजिनियर हाय." या वेळी कुणी हसलं नाही.

तो गेल्यावर शेठ माझ्याजवळ आले. "आत काय व्हतं रे?"

"धूळ."

शेठनं माझ्याकडे बघितलं. मग पान थुंकून म्हणाले, "बरं. मग धूळच." आणि संध्याकाळच्या आत ती गाडी भंगारात देऊन टाकायची व्यवस्थाही केली, तिच्या वडिलांना फोन करून. वडील म्हणाले म्हणे, न्या, नजरेसमोर नको.

२ फेब्रुवारी

हॉस्पिटलला गेलो. नारळपाणी घेऊन. तिला आधार कुणाचा आहे या वेळी?

वॉर्डाबाहेर बाकड्यावर महेशची आई, चंद्रभागाबाई. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज चाळीतल्या हाळ्यांसारखा. आल्यागेल्याला एकच सांगत होत्या, "सायब बोलला, पट्टा लावलेला नव्हता म्हून. हिनं माझ्या पोराला पट्टा बी लावू दिला नाय. सोता बांधून बसली. सोताचा जीव तेवढा खरा."

वेदिका त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. केस विंचरलेले नव्हते. हळू आवाजात म्हणाली, "आई, मी खरंच सांगते, त्यांनी लावला होता. खट्ट आवाज मी ऐकला."

"आई म्हनू नको मला. लय लवकर म्हनायला लागली." मग पदरानं तोंड पुसून, "आन म्हनायचंच आसंल तर मंग निभाव आता. ठरलेलं लगीन हाय. त्याचं आता हितून पुढं कोन करनार? मी किती दिवस पुरनार?"

वेदिका जमिनीकडे बघत होती.

मी आत गेलो. महेशनं मला ओळखलं. मानेला पट्टा, ओठ फाटलेले. हसायचा प्रयत्न केला.

"या, पाऊण इंजिनियर. आता मीही पाऊणच."

त्यानं खूण करून जवळ बोलावलं. "भाऊ, तुम्ही जाणकार. मी लावला होता हो बेल्ट. मला आठवतंय. धडकेच्या वेळी मी वाट बघत होतो की तो आवळेल. आवळलाच नाही. कुणी ऐकत नाही माझं. सगळे त्या पोरीला खातायत."

मी त्याच्या उशाशी नारळ ठेवला.

"डोक्याला मार लागला की असं वाटतं," मी म्हटलं. "तुम्ही विचार करू नका. आराम करा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल. असेल तसंही." आणि डोळे मिटले. एवढा मोठा माणूस, माझ्या एका वाक्यावर स्वतःच्या आठवणीवरचा हक्क सोडून दिला. मला त्याची दया आली. जरा बरंही वाटलं.

९ फेब्रुवारी

जेवण जात नाही. आई म्हणते दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या.

काम चालू आहे. एक बाई आली होती, पोर मांडीत घेऊन पुढे बसते आणि एकाच बेल्टमध्ये दोघं. बेल्ट आखूड पडतो, वाढवून द्या म्हणत होती. मी तिच्यावर ओरडलो. धडक बसली तर तुमच्याच वजनाखाली पोर चेचलं जाईल, अक्कल आहे का, असं म्हटलं. ती रडवेली होऊन गेली. शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंस." राजू म्हणाला, "बरोबर बोलला तो." राजूनं माझी बाजू घेतली याचंच नवल.

१५ फेब्रुवारी

वेदिका आली. रिक्षानं. दुपारी शेठ जेवायला गेलेले, राजू मशीनवर. मी तिला मागच्या आवारात नेलं, जिथे तिची गाडी होती. तिथे आता नुसता तेलाचा डाग आहे. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मी जसंच्या तसं लिहितो.

म्हणाली, "अमोल, मला एक खरं सांगशील?"

"तुला कधी खोटं सांगितलं?"

"त्या दिवशी मी महेशला नाही म्हणायला घेऊन गेले होते. घरात बोलता येत नव्हतं. मला चेन्नईला डिझाइन सेंटरला घेतलंय, मार्चमध्ये जायचं होतं. मला लग्नच नको होतं इतक्यात. दर्शन झालं, येताना मी सांगायला सुरुवात केली. तो चिडला नाही रे. म्हणाला, तुझ्या मनात नसेल तर मीच घरी सांगतो, तुझ्यावर येऊ देणार नाही. मी त्याच्याकडे वळून थँक यू म्हणाले. तेवढंच. तेवढ्यात ती ट्रॉली."

ती त्याला नाही म्हणणार होती. नाही!

"कुणाला सांगितलं हे?"

"कुणालाच नाही. तोही बोलला नाही अजून. त्याला आठवतं की नाही माहीत नाही. आणि आता कुठल्या तोंडानं म्हणू? त्याची आई म्हणते निभाव. माझे वडील म्हणतात, आपल्या हातून झालंय. सगळे म्हणतात, तू त्याला बेल्टशिवाय बसवलंस. पण लावला होता, अमोल! मी ऐकलाय आवाज. मग मला झोपच येत नाही. लावला होता तर धरला का नाही? तूच शिकवलंस ना मला, झटका बसला की खट्ट. दोन राखणदार असतात म्हणालास. ते कुठे गेले?"

मी पायानं त्या डागावर माती सारली.

"तू ते उघडलं होतंस. जगात तू एकटाच आहेस ज्यानं ते आतून बघितलंय. तू म्हणशील ते मी मानेन. बेल्टच खराब असेल तर माझ्या एकटीवर नाही येत हे सगळं. मग मी आज घरी जाऊन सांगते की त्याचं औषधपाणी आयुष्यभर बघेन, पण लग्न नाही. मला तेवढं बळ येईल. आणि बेल्ट चांगला असेल, तर मग मीच. मग मी करते लग्न. बाकी काही उरतच नाही."

राजूचं मशीन आतून घरघरत होतं. थांबत होतं, पुन्हा घरघरत होतं.

एक शब्द सांगितला असता तर ती मोकळी होती. हे मला तेव्हाही कळत होतं, उगीच खोटं कशाला लिहू. पण त्या शब्दानंतर तिनं माझ्याकडे कसं बघितलं असतं तेही दिसत होतं. पोलिसांचं मला काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांचं वाटलं. आज जगात तिला विश्वास ठेवायला मी एकटा उरलोय. तेवढंच तर माझ्याकडे आहे. ते कोण देऊन टाकेल? ती चेन्नईला गेली असती. चांदवड निदान तासाभरावर आहे.

"बेल्ट चांगला होता," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी स्वतः बघितलेला. तू वेगात होतीस आणि रस्त्यावर नजर नव्हती. लावलेला असता तर त्यानं धरलाच असता. आवाज तुझ्याच बक्कलचा ऐकला असशील."

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट घेतला. मग मान हलवली, एखादं अवघड गणित कुणी सोडवून दिल्यावर हलवावी तशी.

"बरं झालं तू सांगितलंस," म्हणाली. "निदान आता रोज रोज स्वतःला सोडवायला जाणार नाही."

आणि तिनं माझा उजवा हात हातात घेतला. दोन्ही हातांनी. घट्ट. तिची बोटं गार होती. "तू नसतास तर मला कुणी खरं बोललं नसतं, अमोल," असं म्हणाली आणि रिक्षाकडे गेली. वळून बघितलं नाही, पण तिला घाई असणार.

तिनं माझा हात धरला. स्वतःहून. पहिल्यांदा.

संध्याकाळी घरी आलो. आईनं ताट वाढलं, भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. म्हणाली, "हात धुऊन घे आधी." मी तसाच बसलो. उजवा हात मांडीवर उपडा ठेवला आणि चमचा मागितला.

"भाकरी काय चमच्यानं खायची असते?" आई म्हणाली.

"मग भात वाढ," मी म्हटलं.